वायर सोडू नका

पाणी मागायला आलेली बाई तुळजाबाईंनी स्वतःच्या मनानं उभी केली होती. पण सकाळपासून ती इतक्यांदा सांगावी लागली, की आता तिला नाकडोळे फुटायला लागले होते.

“मघाशी म्हणालीस हिरवं लुगडं व्हतं,” सुवर्णा म्हणाली. “आता म्हणतीस निळं.”

“मोरपंखी व्हतं. उन्हात निळं दिसतं, सावलीत हिरवं.”

“आन् तू तिला घरात घेतलीस.”

“पाणी मागितलं तिनं. पाण्याला न्हाई म्हणू का?”

सुवर्णानं कपाळावर हात मारून घेतला. कासुर्डीला दिलेली ही लेक बातमी कळल्याबरोबर नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून खुटबावला आली होती. नवरा तिला दारात सोडून तसाच कुरकुंभला कंपनीत गेला. तिच्या मागोमाग ज्ञानेश आला. शिरूरला मार्केट यार्डाजवळ त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान. आज ते बंद ठेवून तो राजश्रीला घेऊन आला होता. राजश्री आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकाला लागली होती आणि भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती.

दाराशेजारच्या बाजेवर सावळारामआबा बसले होते. गुडघ्यावर हात, नजर पायाच्या अंगठ्यावर. पोरं आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“बोरमाळ आणि पाटल्या,” ज्ञानेश म्हणाला. “दोन्ही अंगावरनं काढून ठेवलं होतंस? कशासाठी?”

“आंघोळीला चालले व्हते.”

“भर दुपारी?”

“पाठ खाजत व्हती,” तुळजाबाई म्हणाल्या आणि पोरानं पुढं काही विचारू नये म्हणून लसूण सोलायला घेतला.

राजश्रीनं तव्यावरची भाकरी उलटली. “आत्याबाई, माणूस आपल्या जिवावर आलं नाही हे नशीब. पण शिरूरला आम्ही इतक्या वेळा सांगितलं होतं, अनोळखी माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.”

“वहिनी बरोबर म्हणतीय,” सुवर्णा म्हणाली.

हे वाक्य ऐकून तुळजाबाईंनी मान वर करून बघितलं. त्या दोघींचं एकमेकींना बरोबर म्हणणं या घरानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. राजश्रीच्या लेकीच्या, अपेक्षाच्या बारशात तुळजाबाईंच्या गळ्यातली बोरमाळ कुणाला जाणार यावरून कुणीतरी थट्टा केली आणि त्या थट्टेची गाठ बसली. राजश्रीचं म्हणणं, सासूचा दागिना सुनेचा. सुवर्णाचं म्हणणं, आजीनं मरताना माझं नाव घेतलं होतं. अपेक्षा आता कॉलेजात जायला लागली, तरी नणंद-भावजय सणावारी समोरासमोर बसून एकमेकींशी बोलायच्या त्या ज्ञानेशच्या तोंडून. आज बोरमाळ गेली आणि दोघी एका बाजूला झाल्या. दुसऱ्या बाजूला तुळजाबाई एकट्या.

एकट्या कशानं झाल्या, ते बाजेवर बसलेल्या माणसाला ठाऊक होतं.

काल दुपारी जेवणं झाली होती. गुऱ्हाळाकडून गुळाचा वास येत होता आणि आबा ओसरीवर पडले होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस फाटकाशी आला. मागं एक बाई, तोंडाला स्कार्फ, हातात फाईल. “चेअरमनसाहेबांचं घर हेच ना?” त्यानं विचारलं.

सोसायटीच्या निवडणुकीत आबा पडले त्याला आता काही वर्षं झाली होती. गावातली पोरं त्यांना नुसतं आबा म्हणायची. तो शब्द कानावर पडला आणि आबा उठून बसले, टोपी नीट केली. “या, साहेब. बसा.” आणि आत बघून म्हणाले, “चहा टाक गं.”

चहा पिता पिता त्या माणसानं घराची, पोराबाळांची, शेतीची चौकशी केली. मग उठून टेस्टर काढला, नळाला लावला. टेस्टरचा दिवा पेटला. कपाटाला लावला, तिथंही पेटला. “चेअरमनसाहेब, घरात करंट उतरलाय,” तो म्हणाला. “देवाची कृपा म्हणून तुम्ही दोघं अजून उभे आहात. आधी आजींच्या अंगावरचं सोनं काढा. स्टीलच्या डब्यात नको, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकला करंट लागत नाही.”

तुळजाबाई म्हणाल्या होत्या, मंगळसूत्र मी काढायची न्हाई. तर तो माणूस हात जोडून म्हणाला, “मंगळसूत्र राहू द्या, आजी. आमच्याही घरी आई आहे.” त्या मोठेपणानंच सगळा घात केला. बोरमाळीची फिरकी काढताना त्यांची बोटं अडखळली, तेव्हा आबा कडाडले होते, “साहेब सांगत्यात ते ऐक की! तुला काय कळतंय त्यातलं?”

मग त्यांना म्हैस सोडायला मागं गोठ्यात पाठवलं. दाव्याला गाठ घट्ट बसली होती. म्हैस चिंचेखाली बांधून त्या परत आल्या, तर अंगणात कुणी नव्हतं. मीटरखाली आबा एकटे उभे होते. दोन्ही मुठींत एक काळी वायर छातीशी धरलेली, आणि टोपी खाली पडली होती तरी वाकून उचलायची सोय नव्हती.

“जवळ येऊ नको!” ते ओरडले. “हे टोक भुईला टेकलं की घर पेटंल. साहेब डीपीवर मेन बंद करायला गेल्यात. वायर सोडू नका म्हणाल्यात.”

तुळजाबाई आत जाऊन आल्या. डबा उघडा होता. मग त्यांनी वायरीचं दुसरं टोक बघितलं. ते खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं. मीटरशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यांनी जवळ जाऊन नवऱ्याची बोटं एकेक करून सोडवली. ती पोलादासारखी ताठ झाली होती. निवडणूक हरले तेव्हा, भाऊ गेला तेव्हा, कधीच न पाहिलेला एक चेहरा त्यांनी त्या वेळी पाहिला आणि ज्ञानेशचा फोन आला तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “हे मळ्यात व्हते रे. मी एकलीच व्हते.”

त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर या खोट्याची छत्री धरली होती, हे खरं. पण आबा त्या छत्रीखाली इतके निवांत बसतील, पोरं बायकोला बोलत असताना हूं की चूं करणार नाहीत, असं त्यांना वाटलं नव्हतं. लसणाच्या पाकळीवर त्यांची नखं जरा जास्तच जोरात चालत होती.

“पोलिसात जाऊ,” ज्ञानेश म्हणाला.

आबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “काय नको. गेलं ते गेलं. गावात बोभाटा कशाला?”

“आबा, चोरी झालीय घरात!”

“आन् काय सांगणार? मोरपंखी लुगड्याची बाई? त्यावरनं कोण घावतंय?”

“बरं, मग माझं ऐका,” ज्ञानेश खुर्ची पुढं ओढून म्हणाला. “ऊस जाईल या महिन्यात. रान वाट्यानं देऊन टाकू. म्हैस विकू. तुम्ही दोघं शिरूरला चला, कायमचे. वरची खोली मोकळीच आहे.”

“म्हंजी आईच्या एका चुकीपायी आबांनी गाव सोडायचं?” सुवर्णा म्हणाली.

“मग तू ने कासुर्डीला!”

“नेईन की! मी काय न्हाई म्हणतीय?”

“वन्सं, तसं नाही ते म्हणत,” राजश्री म्हणाली आणि दोघींची नुकतीच जमलेली बाजू फुटते की काय, असं झालं. आईच्या एका चुकीपायी. तुळजाबाईंनी ते वाक्य गिळलं. त्यांनी बाजेकडं बघितलं. आबांनी नजर दुसरीकडं वळवली.

तेवढ्यात सुवर्णाचा फोन वाजला.

“बोला आत्या,” ती म्हणाली. तिची सासू, कस्तुराबाई. तिकडचा आवाज एवढा मोठा, की शब्द कळले नाहीत तरी बडबड घरभर ऐकू आली. “व्हय. व्हय का? बरं, ठेवा की चहा. साखर वरच्या फळीवर हाय. मी येते संध्याकाळपातुर.” फोन ठेवून ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. “आबा, तुमची वळख अजून चालती बघा. लाईटीची माणसं आल्यात आमच्याकडं मीटर तपासायला. म्हणाली, आम्ही खुटबावच्या चेअरमनसाहेबांच्या घरनं आलोय, काल त्यांच्याकडंच चहा घेतला. आत्या इच्यारत व्हत्या, पाव्हण्यांच्या वळखीची हायत तर चहा ठेवू का.”

तुळजाबाईंच्या हातातला लसूण ताटात पडला. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी बाज करकरली.

आबा उभे राहिले होते. “फोन लाव,” ते म्हणाले. “परत लाव त्यांना.”

“का? काय झालं?”

“लाव म्हणतो ना! ती लाईटीची माणसं न्हाईत. काल हितं आली ती तीच.”

“पण आई तर म्हणाली…” ज्ञानेश म्हणाला.

“आई खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली.” आबा बोलत राहिले. “कुठली बाई पाणी मागाय आली न्हवती. मी घरात व्हतो. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. हिच्या अंगावरचं मी काढाय लावलं. आन् लेक कासुर्डीला दिलीय, जावई कंपनीत, लेक नर्सरीत कामाला जाती, दुपारची विहीणबाई एकटीच असती, हेबी मीच सांगितलं. कौतुकानं सांगितलं.”

सुवर्णानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तसाच.

“उचलत न्हाईत,” ती म्हणाली. “आत्ता तर बोलल्या. हातातच व्हता फोन.”

“फोनला हात लावू देत न्हाईत ते,” आबा म्हणाले. “करंट हाय म्हणत्यात. शेजारी कोण हाय?”

“गिरणीवाली पिंकी.”

“तिला लाव. म्हणावं, बायका गोळा कर, एकटी जाऊ नको. बाई आत असंल, बाप्या भाईर. ज्ञानेश, तू पोलिसांना लाव.”

ज्ञानेश एका हातानं गाडीची किल्ली शोधत दुसऱ्या हातानं एकशेबारा दाबत होता. राजश्रीनं गॅस बंद केला, अर्धी भाजलेली भाकरी तशीच तव्यावर टाकली आणि तुळजाबाईंच्या दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं. दाराला कुलूप लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गाडी रस्त्याला लागली. उसाच्या ट्रॉल्या पुढं डुलत चालल्या होत्या आणि ज्ञानेश हॉर्नवरचा हात उचलत नव्हता. आबा पुढच्या सीटवर. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण ते काचेतून समोर बघत सगळं सांगत सुटले. टेस्टर, प्लास्टिकचा डबा, वायर. वायरीपाशी आल्यावर ते थांबले.

“मग मामा? पुढं?” राजश्रीनं मागून विचारलं. आवाजात ना टोमणा, ना कीव. हिशेबी बाईसारखा सरळ आवाज.

“पुढं काय. धरून हुबा राह्यलो. ही आली तवा सोडवली.”

राजश्रीनं शेजारी बसलेल्या सासूकडं बघितलं. सकाळपासून ‘तुम्ही असं कसं केलंत’ म्हणणाऱ्या सुनेचा हात आता तुळजाबाईंच्या हातावर येऊन बसला. पलीकडून सुवर्णाचाही आला. ती फोन कानाला लावून रडत होती. “मला आत्यांना चहा ठेवा म्हणायची काय गरज व्हती, आई? मीच म्हणले, ठेवा.”

“तुला काय ठाव, बाळा,” तुळजाबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात मात्र एकच पीळ पडला होता. ती पाणी मागणारी बाई आपण रचली नसती, तर सकाळीच सगळं उघडं झालं असतं. दोघांनी मिळून केलेल्या या झाकपाकीचं मोल विहीणबाईच्या जिवावर बेतलं तर? तरणी माणसं. म्हातारीनं आरडाओरडा केला आणि त्यांनी नरडं दाबलं तर? आई भवानी, सोनं गेलं तर जाऊ दे. आमचं राहिलेलंबी ने. त्या पुटपुटत राहिल्या.

यवतच्या अलीकडं सुवर्णाचा फोन वाजला. पिंकी होती. सुवर्णानं फोन स्पीकरवर टाकला.

“ताई, बाईला कोंडली आतमधी!” पिंकीला धाप लागली होती. “पेटी उचकत व्हती. भाईरनं कडी घातली. बाप्या पळाला, गाडी टाकून, उसात शिरला. पोरं गेल्यात मागं.”

“आत्या? आत्या कशा हायत?”

“बऱ्या हायत. खरचटलंबी न्हाई. पण ताई, तुमी लवकर या. त्या वायर सोडंनात!”

गाडीत कुणी हसलं नाही, पण सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. आबांनी डोळे मिटून मान मागं टेकवली. ज्ञानेशनं हॉर्नवरचा हात काढला.

कासुर्डीत सुवर्णाच्या दारासमोर निम्मं गाव उभं होतं. पिठाचे डबे तसेच रस्त्यात ठेवून बायका जमल्या होत्या. आतून कोंडलेली बाई दार बडवत होती, कधी शिव्या देत, कधी पाया पडते म्हणत. आणि अंगणाच्या मधोमध, डोक्यावरचा पदर घसरलेल्या, पायात एकच चप्पल असलेल्या कस्तुराबाई दोन्ही हातांनी काळी वायर धरून ताठ उभ्या होत्या.

“आत्या, सोडा ती,” सुवर्णा धावत गेली.

“सरक मागं! सोडली तर घर पेटंल!”

“आज्जी, चोर व्हते ते,” पिंकी रडकुंडीला येऊन म्हणाली. “किती येळ सांगतीय.”

“चोर असतील! पर वायर तर खरी हाय का न्हाई? तुमाला काय, तुमची घरं लांब हायती. माझ्या लेकानं हप्त्यानं बांधलंय हे घर.” म्हातारीच्या डोळ्यांत घाम उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. ज्ञानेशनं पुढं होऊन वायरीचं दुसरं टोक दाखवलं, खांबाला नुसतं गुंडाळलेलं. तिनं तिकडं बघायलाही नकार दिला. एका तरण्या पोरानं हिसका मारायला हात घातला तर ती किंचाळली.

आबा गर्दीतून पुढं आले. व्याही विहिणीच्या कधी इतका जवळ जात नाही. ते तिच्या पुढ्यात हातभर अंतरावर उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी काखेत धरली.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “मला वळखलं का?”

“वळखलं की. तुमच्याच वळखीची हाईत ती माणसं.”

“व्हय. माझ्या नावानं आली. काल माझ्या घरी आलती. मलाबी अशीच वायर दिली.” सगळं अंगण ऐकत होतं. दार बडवणारी बाईसुद्धा गप झाली होती. “मी सोसायटीचा चेअरमन व्हतो, लोकास्नी चार गोष्टी शिकवायचो. आन् मी अंगणात असाच हुबा व्हतो, दोन्ही हातांनी धरून. घर पेटंल म्हणून. माझ्या बायकुनं माझी बोटं सोडवली. न्हाई पेटलं घर. भुईला टेकली, काय झालं न्हाई. तुमी सोडा. काय झालंच तर माझं व्हऊ दे, मी हितंच हुबा हाय.”

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. “तुमीबी?” त्यांनी विचारलं.

“मीबी.”

मग त्यांची बोटं हळूहळू उघडली. वायर भुईवर पडली. काही झालं नाही. कस्तुराबाई मटकन खाली बसल्या आणि एवढ्या मोठ्यानं रडायला लागल्या, की सुवर्णा आणि राजश्री दोघी दोन्ही बाजूंनी त्यांना बिलगल्या. “मी येडी गं, येडी,” त्या म्हणत राहिल्या. तुळजाबाईंनी पदरानं त्यांचा घाम पुसला. “तुमी येड्या तर आमी दोघं शहाणी व्हतो व्हय?” त्या म्हणाल्या. कस्तुराबाई रडता रडता हसल्या. मग पिंकी हसली, मग सगळ्या बायका.

पोलिसांची गाडी आली. दोन महिला पोलिसांनी कोंडलेल्या बाईला बाहेर काढलं. स्कार्फ सुटला होता. घाबरलेलं, साधंच तोंड. तुळजाबाईंना वाटलं होतं, दिसली की झिंज्या उपटीन. प्रत्यक्षात त्यांना तिच्याकडं बघवेना. उसात शिरलेला बाप्या कॅनॉलजवळ पोरांच्या हाती लागला. त्यानं टाकलेल्या मोटारसायकलच्या डिकीत एका फडक्यात बोरमाळ सापडली. पाटल्या नव्हत्या. त्या कालच कुठंतरी गेल्या होत्या.

“मुद्देमाल म्हणून जमा होईल,” हवालदार म्हणाला. “कोर्टातून सुटायला थोडे दिवस लागतील. खुटबावची तक्रार कोण देणार?”

ज्ञानेश पुढं झाला, पण आबांनी त्याला हातानं मागं सारलं. “मी देतो,” ते म्हणाले. “सगळं मला ठाव हाय.”

ठाण्यात त्यांनी चहापासून सुरुवात केली. बाकावर बसून तुळजाबाई ऐकत होत्या. कुठं गाळलं नाही, कुठं सावरून घेतलं नाही. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ असं मी बायकोला बोललो, हेही सांगितलं. हवालदार म्हणाला, बाबा, ते लिहायची गरज नाही. आबा म्हणाले, लिवा. तेवढ्यात शेजारच्या बाकावर दुसऱ्याच कामाला आलेला एक पागोटेवाला म्हातारा हळूच सरकत जवळ आला. “आमच्या घरीबी आलती हो, दिवाळीला,” तो आबांच्या कानाशी पुटपुटला. “कुणाला बोललो न्हाई. पोरांना सांगितलं, हरवलं म्हणून.” आबांनी त्याला जागा करून दिली. “बसा. माझं झालं की तुमी सांगा,” ते म्हणाले.

उन्हं कलायच्या सुमाराला सगळे खुटबावला परत आले. कुलूप न लावलेलं घर जसंच्या तसं होतं. तव्यावरची भाकरी तेवढी दगड झाली होती. राजश्रीनं आता चपात्यांची कणीक मळली. सुवर्णा तिच्या शेजारी भाजी चिरायला बसली. सासूला तिनं पिंकीकडं बसवलं होतं, पण कस्तुराबाईंचे फोन चालूच होते. पंचक्रोशीतली माणसं भेटायला येताहेत आणि वायर कशी धरली ते त्या उभं राहून करून दाखवताहेत, असं कळलं.

“वहिनी,” सुवर्णा म्हणाली, थेट तिच्याकडं बघून, “बोरमाळ सुटली की तूच ठेव. मला नको.”

“मला कशाला? आजींनी तुमचं नाव घेतलं होतं.”

“घेतलं असंल. पण तू थोरली.”

“नाही वन्सं, तुम्हीच…”

“अगं ए,” तुळजाबाई म्हणाल्या, “मी जिती हाय अजून. सुटली की ती माझ्या गळ्यात पडणार. मी गेल्यावर काय घालायचा तो गोंधळ घाला.”

दोघी इतक्या हसल्या, की ज्ञानेश बाहेरून बघायला आला. आलाच होता तर त्यानं पुन्हा विषय काढला. “मग शिरूरचं काय ठरलं? आबा?”

आबा तुळजाबाईंकडं वळले. “तुझं काय म्हणणं हाय?” त्यांनी विचारलं.

तुळजाबाईंना आधी वाटलं, ते सुवर्णाला विचारताहेत. हे घर बांधताना, रान घेताना, पोरांची लग्नं ठरवताना हा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला नव्हता. राजश्री लाटणं हातात धरून उभी राहिली.

“माझं म्हणणं,” त्या सावकाश म्हणाल्या, “घर सोडायचं न्हाई. म्हैस इकायची न्हाई. दाराला जाळी बसवायची आन् अनोळखी माणसाशी जाळीतनंच बोलायचं, मग तो कुणी का असंना. पर मी शिरूरला जाणार. आठ दिवस. एकटी. ज्ञानेश हितं ऱ्हाईल तुमच्याजवळ, ऊसतोडबी बघंल. मला बोलून बोलून पोरांनी सकाळपासून माझं डोकं उठवलंय. मला सुनंच्या हातचं आयतं खायचंय.”

ज्ञानेशनं बायकोकडं बघितलं. “मला काय बघता?” राजश्री म्हणाली. “आत्याबाई बरोबर बोलल्या. जाळी उद्याच बसवा. गाडी मी चालवते, दिवस आहे तोवर निघू.”

पिशवी भरायला कितीसा वेळ लागतो. दोन लुगडी, गोळ्या, चष्मा. सुवर्णानं आईला वाकून नमस्कार केला. “आई, सकाळी मी जे बोलले…” ती म्हणाली. तुळजाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्या गाडीत बसल्यावर आबा खिडकीशी आले. पोरं पाठीमागं सामान ठेवत होती. आबांनी काचेवर हात टेकला, मग काढला, मग पुन्हा टेकला. “तुळजा,” ते म्हणाले. पोरांच्या देखत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती कधी. “सकाळी पोरं तुला बोलत व्हती आन् मी गप बसलो. चोरांनी फसवलं त्याचं मला काय न्हाई वाटत आता. पर ते गप बसणं माझं चुकलं.”

आदल्या दुपारपासून तुळजाबाईंनी त्यांना ऐकवायला खूप काही जमवून ठेवलं होतं. एकेक वाक्य परतपरतून धारदार केलेलं. त्यातलं एकही आता जिभेवर येईना. सहज माफ करून टाकावं असंही वाटेना.

“व्हय, चुकलं,” त्या म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. राजश्री येऊन स्टिअरिंगवर बसली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाल्यावर तुळजाबाईंनी काच अजून थोडी खाली घेतली.

“आठ दिवस म्हणाले खरं,” त्या म्हणाल्या. “पाचव्या दिशी न्यायला या. आन् ज्ञानेशला धाडू नका. तुमी सोता या.”

“यष्टीनं यीन,” आबा म्हणाले. “सकाळच्याच.”

गाडी फाटकातून बाहेर पडली. चौफुला मागं पडला, मग पारगावचा पूल आला. भीमेवरून गार वारा आत शिरला आणि राजश्रीनं विचारलं, “काच लावू का, आत्याबाई?” तुळजाबाईंनी नको म्हणून हात हलवला. लग्न झाल्यावर पहिल्या पंचमीला त्या माहेरी चालल्या होत्या, तेव्हा नवरा न्यायला कधी येईल याचे दिवस मनात मोजताना अंगावर असंच वारं आलं होतं. इतक्या वर्षांनी त्या पुन्हा कुठंतरी निघाल्या होत्या आणि पुन्हा कुणीतरी न्यायला येणार होतं. पुलाच्या पलीकडं पोचेपर्यंत त्यांचे डोळे मिटले.